हृदय वाचविले, पण उपजीविकेचे काय?

‘मुगल-ए-आझम’ हा चित्रपट १९६० साली प्रदर्शित झाला. अंगावर खऱ्याखुऱ्या लोखंडाच्या जड साखळ्या वागवीत बंदिवासात बसलेली त्यातील अनारकली पुढील पिढ्यांच्याही स्मरणात राहिली. ती भूमिका करणाऱ्या मधुबालेच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र होते, ही गोष्ट मात्र त्या वेळी फार थोड्यांना ठाऊक होती. १९५४ साली मद्रासला चित्रीकरण चालू असताना तिला रक्ताची उलटी झाली होती. तरीही ते दुखणे चित्रसृष्टीच्या नजरेपासून होता होईतो दूर ठेवण्यात आले, कारण ते उघड झाले असते तर काम मिळणे थांबले असते. पुढे ती उपचारांसाठी लंडनला गेली, परंतु तेथील डॉक्टरांनीही शस्त्रक्रियेचे धाडस केले नाही. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी तिचा अंत झाला.

आज तशा छिद्राचे निदान वेळेवर झाले तर ते लहानपणीच बुजविता येते. काही प्रकारची छिद्रे तर छाती न उघडता, मांडीतील रक्तवाहिनीतून नळी घालून बंद केली जातात आणि मूल थोड्याच दिवसांत घरी जाते. वैद्यकशास्त्राने एवढी मजल मारली, परंतु मधुबालेला जे लपवावे लागले ते लपविण्याची पाळी अजूनही संपलेली नाही. बालपणी शस्त्रक्रिया झालेला तरुण मुलाखतीला जाताना सदऱ्याची वरची गुंडी आवर्जून लावतो. छातीच्या मध्यभागी असलेला उभा व्रण कोणाला दिसू नये, एवढाच त्याचा हेतू असतो. ज्या खुणेचा त्याला अभिमान वाटावयास हवा, तिची त्याला लाज नव्हे, भीती वाटते; आणि ती भीती निराधार आहे असे म्हणता येत नाही. जन्मजात हृदयदोष घेऊन प्रौढ झालेल्यांच्या रोजगाराचा प्रश्न या भीतीपासून सुरू होतो.

हा प्रश्न नवा आहे, कारण ही माणसेच एका अर्थाने नवी आहेत. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी गंभीर जन्मजात हृदयदोष असलेले मूल बहुधा मोठे होतच नसे. १९३८ साली बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मानंतर आपोआप बंद न झालेली एक रक्तवाहिनी शस्त्रक्रियेने बांधली आणि या शाखेचा पाया घातला. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथे आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी, हेलन टॉसिग यांच्या कल्पनेनुसार, ओठ-नखे निळी पडणाऱ्या बालकावर पहिली शस्त्रक्रिया केली. तिचे तंत्र प्रयोगशाळेत सिद्ध करणारे आणि त्या दिवशी ब्लॅलॉक यांच्या पाठीशी उभे राहून मार्गदर्शन करणारे व्हिव्हियन टॉमस हे कृष्णवर्णीय साहाय्यक होते. त्याआधी नॅशव्हिल येथील प्रयोगशाळेत संशोधनाचे काम करीत असतानाही कागदोपत्री त्यांचा हुद्दा झाडलोट करणाऱ्याचाच होता. कागदावरची नोंद आणि माणसाची कुवत यांत केवढे अंतर असू शकते याचा हा धडा या शास्त्राच्या उगमापाशीच आहे. पुढे १९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र शिवले. १९६० च्या दशकात वेल्लोर आणि मुंबई येथेही उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया होऊ लागल्या.

याचे फळ आज डोळ्यांसमोर आहे. जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी आठ-नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्या हिशेबाने भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बालके जन्मास येतात आणि त्यांतील सुमारे एक-पंचमांश बालकांना पहिल्या वर्षाच्या आतच उपचारांची निकड असते. प्रगत देशांत अशी दहांतील नऊ मुले आता प्रौढ वयापर्यंत पोहोचतात. अमेरिकेत २०१० साली जन्मजात हृदयदोष असलेल्यांची संख्या सुमारे २४ लाख असावी असा अंदाज करण्यात आला होता. त्यांपैकी १४ लाख प्रौढ होते आणि मुले १० लाख होती. बालरोग म्हणून ओळखला जाणारा हा विकार संख्येच्या दृष्टीने प्रौढांचा झाला आहे. आपल्याकडेही पाऊल त्याच दिशेने पडत आहे.

आपल्या शासनाने याबाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथूनच झाला. या कार्यक्रमाखाली आरोग्य पथके अंगणवाड्यांतून आणि शाळांतून फिरतात, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि हृदयदोष आढळल्यास उपचारांची वाट दाखवितात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेक गरीब घरांतील मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. केरळ राज्याने २०१७ पासून ‘हृद्यम्’ ही खास योजना चालविली आहे. एरवी ज्या घरांना लाखांचे आकडे ऐकूनच हात टेकावे लागले असते, त्या घरांतील मुले या योजनांमुळे वाचली. या कामाचे श्रेय मोकळ्या मनाने द्यावयास हवे.

परंतु वाचलेले मूल एके दिवशी अठरा वर्षांचे होते. शाळेत येणारे पथक आता त्याच्यासाठी येत नाही आणि बालहृदयरोगतज्ज्ञांचा बाह्यरुग्ण विभागही त्याचा राहत नाही. ज्या समाजाने त्याचे हृदय दुरुस्त करण्यासाठी पैसा आणि कौशल्य खर्च केले, तोच समाज आता नोकरीच्या दाराशी उभा राहून त्याला विचारतो, ‘तुला हृदयविकार आहे का?’

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर काय द्यावे? निवड होते, हाती आदेश पडतो आणि वैद्यकीय तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात जावे लागते. तेथे छातीवरचा व्रण दिसतो, नळीतून हृदयाची थोडी मर्मर ऐकू येते. तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे शेकडो उमेदवार उभे असतात. ते हृदयरोगतज्ज्ञ असतातच असे नाही आणि नसती जबाबदारी अंगावर घेण्याची हौस कोणालाच नसते. शेरा लिहिणे सोपे, आणि एकदा लिहिलेला शेरा पुसून घेणे हे किती जिकिरीचे काम आहे, ते आस्थापना शाखेत टेबल सांभाळणाऱ्या कोणाही कारकुनाला सांगावयास नको. खासगी क्षेत्रात तर शेराही लिहिला जात नाही. ‘कळवितो’ एवढेच उत्तर येते.

बरे, हा माणूस अपंगांच्या सवलतींसाठी गेला तर? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मानले होते, ते या कायद्याने एकवीसवर नेले. थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल यांसारखे डोळ्यांना न दिसणारे रक्तविकारही त्यात आले, ही खरोखर मोठी सुधारणा होती. परंतु त्या एकवीस प्रकारांत हृदयविकाराचे नाव नाही. ‘दिव्यांग व्यक्ती’ची या कायद्यातील सर्वसाधारण व्याख्या पुरेशी व्यापक आहे. दीर्घकालीन शारीरिक उणिवेमुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे ज्याला समाजात बरोबरीने वावरता येत नाही, त्या कोणालाही ती लागू पडू शकते. मात्र प्रमाणपत्रे आणि राखीव जागा चालतात त्या यादीवर. परिणामी, ज्याचा दोष पूर्णपणे दुरुस्त झालेला नाही, ज्याला दोन जिने चढताना थांबावे लागते, असा माणूस नोकरीच्या दारात आजारी ठरतो आणि सवलतीच्या दारात निरोगी ठरतो. दोन्ही दारे बंद करणारी ही विसंगती कोणी हेतुपुरस्सर निर्माण केली नसेल, पण तिचे चटके त्यामुळे कमी बसत नाहीत.

या ठिकाणी वैद्यकशास्त्र काय सांगते हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘जन्मजात हृदयदोष’ हे एका रोगाचे नाव नसून अनेक निरनिराळ्या दोषांना मिळून दिलेले ते नाव आहे. एका टोकाला बालपणीच बंद केलेले लहानसे छिद्र असते. अशा बहुतेक माणसांना कोणतेही नेहमीचे काम करता येते. दुसऱ्या टोकाला हृदयाचा एकच कप्पा नीट वाढलेला असतो, किंवा उपचारांवाचून राहिलेल्या छिद्रामुळे फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढलेला असतो. अशा माणसाला ओझी उचलण्याचे काम देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. या दोन टोकांच्या मध्ये हजारो माणसे आहेत. म्हणून तज्ज्ञ मंडळी दोषाचे साधे, मध्यम आणि गुंतागुंतीचे असे वर्ग पाडतात आणि तेवढ्यावर न थांबता त्या माणसाची आजची शक्ती मोजतात. प्रतिध्वनी-तपासणी, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि चालत्या पट्ट्यावर घेतलेली श्रमाची चाचणी यांवरून त्याला कोणते श्रम झेपतील हे बऱ्याच अंशी सांगता येते.

खऱ्या मर्यादा झाकून ठेवण्यातही हित नाही. कृत्रिम झडप बसविलेली माणसे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, त्यांनी जखम होण्याचा सतत संभव असलेले काम टाळावे. ज्याच्या शरीरात पेसमेकर आहे त्याने प्रबळ विद्युत्चुंबकीय क्षेत्राजवळचे काम वैद्यकीय सल्ल्याशिवाय पत्करू नये. ज्याच्या हृदयाचे ठोके अचानक बिघडून शुद्ध हरपण्याचा धोका आहे, त्याच्या हाती प्रवाशांनी भरलेल्या गाडीचे चाक देता येणार नाही, कारण तेथे इतरांच्या प्राणांचा प्रश्न येतो. हे निर्बंध रास्तच आहेत. परंतु ते त्या त्या कामापुरते आणि त्या त्या माणसापुरते आहेत. पोलीस भरतीच्या मैदानावर १६०० मीटर धावणे ज्याला जमणार नाही, त्याला जमाखर्चाची वही लिहिणे, वर्गात भूगोल शिकविणे किंवा औषधांच्या दुकानात बसणे का जमू नये? आणि धावणेदेखील प्रत्येकाला वर्ज्य आहे असे नाही. बर्फावर फळीवरून घसरण्याच्या खेळात २००६, २०१० आणि २०१८ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारा अमेरिकन खेळाडू शॉन व्हाइट हा हृदयातील चार दोषांचा समूह घेऊन जन्मास आला होता. त्याच्यावर तान्हेपणीच शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सगळेच शॉन व्हाइट होतील असे नव्हे. पण रोगाच्या नावावरून माणसाची कुवत ठरत नाही, हे सिद्ध होण्यास असे एक उदाहरणही पुरेसे आहे.

नोकरी देणाऱ्यांची बाजू पाहू. हा माणूस वारंवार रजेवर जाईल, कामावर असताना काही झाले तर ठपका आपल्यावर येईल, विम्याचा खर्च वाढेल, या त्यांच्या शंका आहेत. त्या केवळ दुष्टपणातून आलेल्या नसतात. परंतु त्यांचे उत्तर तपासणीत आहे, नकारात नाही. युरोपातील अनुभव असा की, साधा दोष असलेल्यांचे नोकरीचे प्रमाण इतरांच्या जवळपास असते. गुंतागुंतीचा दोष असलेल्यांत ते कमी भरते. म्हणजे मदतीची आणि विचाराची गरज एका लहान गटाला आहे; संशय मात्र सर्वांच्याच वाट्याला येतो. शिवाय ज्याला आपल्या हृदयाची पूर्ण माहिती आहे आणि जो नियमाने तपासणी करून घेतो, त्याच्यापेक्षा आपला रक्तदाब कधीही न मोजलेला धडधाकट दिसणारा कर्मचारी अधिक सुरक्षित आहे असे कोण सांगू शकेल?

न्यायालयांनी या बाबतीत दिशा दाखविलेली आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या एका कामगाराचे प्रकरण आले होते. काम करण्याची शारीरिक क्षमता असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ त्या संसर्गापायी कोणालाही रोजगार नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात असाच निर्वाळा दिला. अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्याला पोहोचली एवढ्यावरून विद्यार्थ्याला अपात्र ठरविता येत नाही. त्याला तो अभ्यासक्रम पुरा करता येईल की नाही, याचे मत तपासणी मंडळाने सकारण नोंदविले पाहिजे, असे त्या निकालात म्हटले आहे. ही दोन्ही प्रकरणे हृदयदोषाची नव्हेत, पण त्यांतील तत्त्व तेच आहे. रोगाचे नाव काय, हा प्रश्न गौण. त्या माणसाला ते काम करता येते काय, हा प्रश्न मुख्य. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यातही रोगांच्या याद्यांपेक्षा दैनंदिन जीवनावर होणाऱ्या दीर्घकालीन परिणामाला महत्त्व आहे. अमेरिकेने आपल्या १९९० च्या कायद्यात २००८ साली दुरुस्ती करून रक्ताभिसरणाच्या कार्यातील उणिवेचा स्पष्ट उल्लेख केला.

या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू याहूनही वेगळी आहे. दुरुस्त केलेले हृदय म्हणजे नवे कोरे हृदय नव्हे. निळ्या बालकांपैकी अनेकांना शस्त्रक्रियेनंतर वीस-तीस वर्षांनी फुप्फुसाकडे जाणाऱ्या मार्गावरील झडप बदलून घ्यावी लागते. ती वेळ केव्हा आली हे नियमित तपासणीवाचून कळत नाही, कारण हृदय बराच काळ तक्रार न करता ओझे वाहत असते. आता ज्याने आपला आजार लपवून नोकरी मिळविली आहे, तो तपासणीसाठी रजा कोणत्या कारणाने मागणार? कार्यालयाकडून मिळणाऱ्या विम्याचा अर्ज तो कोणत्या तोंडाने भरणार? तो वर्षामागून वर्षे जाऊ देतो. ज्या प्रश्नाच्या धाकाने त्याने सत्य दडविले, तो धाकच अखेर त्याच्या हृदयाचा घात करतो. पंधरा देशांतील चार हजारांहून अधिक अशा प्रौढांचा एक मोठा अभ्यास झाला असून त्यात भारतही होता. रोजगार नसणे हे कमी प्रतीच्या जीवनमानाशी निगडित असल्याचे त्यात आढळले. उपजीविका ही उपचारानंतरची निराळी गोष्ट मानून चालणार नाही. उपचाराचाच तो पुढचा भाग आहे.

कार्यालये आणि कचेऱ्या यांच्यापलीकडे आपल्या देशाचा फार मोठा कष्टकरी वर्ग आहे. ऊसतोड, हमाली, बांधकाम यांत वैद्यकीय तपासणी नसते, पण हलके कामही नसते. त्या घरातील हृदयदोष असलेल्या मुलासाठी पुस्तक हीच सुटकेची वाट आहे, आणि म्हणून या प्रश्नात शिक्षकाचे स्थान डॉक्टरच्या खालोखाल आहे. ‘ह्याला जपा’ म्हणून आपण त्या मुलाला खेळाच्या तासाला वडाखाली बसवून ठेवतो आणि नकळत त्याच्या मनावर बिंबवितो की, तू कशाच्याच उपयोगाचा नाहीस. डॉक्टरांचे पत्र मागवून त्याला कोणता खेळ चालेल हे विचारणे फारसे अवघड नाही. आठवी-नववीपासून त्याच्याशी पुढील व्यवसायाबद्दल बोलणे हेही शाळेत होऊ शकते. ब्रिटनमधील २००५ च्या एका अभ्यासात, गुंतागुंतीचा दोष असलेल्यांपैकी ज्यांना व्यवसायविषयक सल्ला मिळाला होता त्यांच्यात नोकरी असण्याचे प्रमाण सल्ला न मिळालेल्यांपेक्षा ठळकपणे अधिक आढळले. शब्दांना खर्च येत नाही. वेळेवर ते उच्चारावे मात्र लागतात.

करावयाचे काय, हे त्यामुळे अस्पष्ट नाही. वैद्यकीय पात्रतेच्या नमुन्यात ‘हृदयविकार आहे काय?’ या प्रश्नाशी थांबू नये. या पदाची कर्तव्ये पार पाडण्यास उमेदवार समर्थ आहे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे असावा आणि अपात्र ठरविताना कारणे लेखी द्यावीत. संशय असेल तेथे हृदयरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय अंतिम शेरा मारू नये. २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत नवे प्रकार अधिसूचनेने समाविष्ट करण्याची मुभा केंद्र सरकारला आहे. ज्यांचा हृदयदोष उपचारांनंतरही गंभीर मर्यादा ठेवून गेला आहे, त्यांच्यासाठी तिचा उपयोग करावा. कर्मचाऱ्याची वैद्यकीय माहिती टेबलाटेबलावरून फिरणाऱ्या धारिकेत न ठेवता बंद पाकिटात राहावी. आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने अठराव्या वर्षी मुलाचा निरोप घेताना त्याच्या हाती एक कागद द्यावा: दोष कोणता होता, शस्त्रक्रिया कोणती झाली, पुढील तपासणी केव्हा आणि कोठे, कोणते श्रम झेपतील आणि कोणते नाहीत. यांपैकी एकाही गोष्टीला मोठ्या निधीची गरज नाही.

मधुबालेच्या काळी वैद्यकशास्त्रच असहाय होते. त्या काळाला आपण दोष देऊ शकत नाही. आपल्याला मात्र ती सबब उरलेली नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जे मूल आपण मृत्यूच्या हातून सोडवून आणतो, त्याला वीस वर्षांनी एका छापील नमुन्यापुढे असहाय उभे करणे हा केवळ त्याच्यावरील अन्याय नाही. आपण स्वतःच केलेल्या एका चांगल्या कामावर पाणी ओतणे आहे. उद्या तुमच्या वर्गात, तुमच्या शेजारच्या टेबलावर अशी एखादी व्यक्ती येऊन बसेल. तिने वरची गुंडी लावली आहे की नाही, याची तिला चिंता वाटू नये, एवढे वातावरण तरी निर्माण करणे आपल्या हाती आहे.